कमी उजेडातलं कोल्हापूर: पहाटे आणि रात्री फोटो कसे काढावेत

गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार निघते ती पहाटे आणि रात्री. गुऱ्हाळात चुलवाण (रस उकळायची मोठी चूल) पेटतं ते तांबडं फुटायच्या आत. तालमीत पोरं उतरतात तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून विझलेले नसतात, आणि पंचगंगेच्या घाटावरचा त्रिपुरारीचा दीपोत्सव तर पहाटेचाच. कोल्हापुरात कॅमेरा घेऊन फिरायचं तर कमी उजेडात फोटो काढता येणं गरजेचंच आहे. हे कौशल्य शिकता येतं, आणि त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. कामाचा क्रम मात्र नीट लावावा लागतो.

अशा ठिकाणचे हौशी फोटो बहुतेक वेळा एकाच कारणानं वाया जातात: ते हललेले असतात. फोटोत दाणे येतील, नॉइज दिसेल, या भीतीनं माणूस आयएसओ (टिपलेला प्रकाश किती उजळ करायचा याचा आकडा) ४०० किंवा ८०० वर अडवून ठेवतो. मग उजेड पुरावा म्हणून कॅमेरा शटर १/१५ सेकंदापर्यंत खाली नेतो आणि गवळ्याचा हात, पैलवानाचा चेहरा, सगळं पुसट होतं. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, छापला की दाणे निम्मेअधिक दिसतही नाहीत. हललेला फोटो सुधारत नाही. या लेखातलं बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी उजेडाचा हिशोब समजून घेऊ. एक बल्ब लावलेल्या खोलीत भर उन्हाच्या मानानं साधारण हजारपट कमी उजेड असतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण ते काही मिनिटांत जुळवून घेतात. कॅमेऱ्याला हा फरक तीनच ठिकाणी भरून काढता येतो: शटर जास्त वेळ उघडं ठेवून, लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं करून, किंवा आयएसओ वाढवून. यातली पहिली वाट हलणाऱ्या विषयासाठी बंद असते. दुसरी लेन्सवर अवलंबून असते. तिसरी नेहमी उघडी असते, आणि तिच्यावरूनच जायला माणसं कचरतात.

घरातून निघण्याआधी

अंधारात मेनू शोधत बसलात की क्षण जातो. म्हणून ही कामं घरी, दिव्याखाली करून निघा.

फाईल रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या कच्च्या रूपात ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाईलमध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा नंतर उजळायचा असेल किंवा पिवळाजर्द रंग सुधारायचा असेल तर या पायऱ्या कामाला येतात.

मोड मॅन्युअल, आणि आयएसओ मात्र ऑटो. शटर आणि अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवायचं, आयएसओ कॅमेऱ्यानं. ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४०० ठेवा. गेल्या दहाएक वर्षांतला कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा ६४०० ला वापरण्याजोगा फोटो देतो. कॅमेरा त्याहून जुना असेल तर ३२०० वर थांबा.

फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यावरचा लाल किंवा पांढरा दिवा बंद करा. तो समोरच्याच्या डोळ्यांवर पडतो आणि सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे वळतं. आवाजही बंद करा. मागच्या स्क्रीनचा प्रकाश कमी करा. रात्री झगझगीत स्क्रीनवर अंधारलेला फोटोही छान उजळ दिसतो आणि घरी आल्यावर खरं कळतं. स्क्रीनपेक्षा हिस्टोग्रामवर (फोटोत उजेड-अंधार किती ते दाखवणाऱ्या आलेखावर) विश्वास ठेवा, आणि जळालेला, म्हणजे नुसता पांढरा पडलेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू करा.

बॅटरी भरलेली, कार्ड रिकामं, खिशात मऊ कापड. बस.

शटर, मग अ‍ॅपर्चर, मग आयएसओ

पोहोचल्यावर स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा: समोरची गोष्ट किती वेगानं हलते आहे? त्यावरून शटर ठरतं. निवांत बसलेल्या माणसाला १/६० पुरतं. बोलणाऱ्या, हात हलवणाऱ्या माणसाला १/१२५. चालणाऱ्याला, काम करणाऱ्याला १/२५०. कुस्तीला १/५०० हवं, फारच अंधार असला तर १/४००.

दुसरा प्रश्न तुमच्या हाताचा. जुना नियम असा की शटर लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्यापेक्षा मंद नको: ५० मिमीला १/५०. सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारा भाग. तो लहान असलेल्या, म्हणजे बहुतेक हौशी कॅमेऱ्यांवर, हाच ५० मिमी ७५ ते ८० मिमीसारखा वागतो, म्हणून तिथं १/८० धरा. लेन्समध्ये किंवा बॉडीत स्थिरीकरणाची सोय असेल तर यापेक्षा खाली जाता येतं. पण ती सोय तुमचा थरथरता हात सांभाळते. समोरचा माणूस हलला तर ती काहीही करू शकत नाही.

शटर ठरलं की अ‍ॅपर्चर लेन्स देईल तितकं मोठं उघडा. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स रुंद टोकाला एफ ३.५ आणि लांब टोकाला एफ ५.६ असते (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). त्यामुळे अंधारात झूम करू नका, १८ वर ठेवा आणि दोन पावलं पुढं जा. झूम केलंत की निम्म्याहून अधिक उजेड घालवलात.

उरला आयएसओ. तो जिथं जाईल तिथं जाऊ द्या. इथं एक गैरसमज दूर करतो: दाणे येतात ते मुळात सेन्सरवर प्रकाश कमी पडल्यामुळे. आयएसओचा आकडा त्याला फक्त उजळ करून दाखवतो. आयएसओ ८०० वर अंधारलेला फोटो काढून घरी संगणकावर तीन स्टॉप, म्हणजे आठपट उजळवला तर दाणे कमी होत नाहीत, बऱ्याच कॅमेऱ्यांत उलट वाढतात आणि सावल्यांत जांभळट पट्टे येतात. त्यापेक्षा जागेवरच ६४०० लावून नीट उजळ फोटो घ्या.

एक अपवाद लक्षात ठेवा. काळ्या पार्श्वभूमीवर एकच उजळ चेहरा असेल तर कॅमेऱ्याचं मीटर सगळा अंधार करडा करायला जातं आणि चेहरा पांढराफटक पडतो. अशा वेळी एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजळपणा) उणे १ करा. रात्रीच्या फोटोत रात्र दिसली पाहिजे.

फोकस

कमी उजेडात कॅमेऱ्याला फोकससाठी उजेड-अंधाराची स्पष्ट कड लागते. काळ्या सदऱ्यावर किंवा अंधारातल्या गालावर ठिपका ठेवलात तर लेन्स नुसती मागंपुढं घुरघुरत राहते. ठिपका तिथं ठेवा जिथं दिव्याचा उजेड संपून सावली सुरू होते: नाकाची कड, फेट्याची किनार, कपाळावरचा गंध. बहुतेक डीएसएलआरमध्ये मधला ठिपका सगळ्यात संवेदनशील असतो, म्हणून मधल्यानं फोकस करून, बटण अर्धं दाबून धरून चौकट हलवा. मिररलेसमध्ये डोळा ओळखणारा फोकस बऱ्याच अंधारात चालतो. तो असेल तर बिनधास्त वापरा.

एफ १.८ वर फोकसची खोली फार थोडी असते. लहान सेन्सरवर ५० मिमी लेन्सनं दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला तर जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. एकाच्या मागं एक अशी दोन माणसं असतील तर दोघंही स्पष्ट येणार नाहीत. त्यांना एका रेषेत घ्या, किंवा लेन्सचं तोंड एफ २.८ पर्यंत लहान करा. आणि एकाच फोटोवर थांबू नका, तीन-चार सलग काढा. श्वास सोडताना शटर दाबलं तर हात सगळ्यात स्थिर असतो. कोपर छातीला टेकवा, भिंत किंवा खांब मिळाला तर खांदा टेकवा.

एकच लेन्स घ्यायची असेल तर

कॅमेरा बदलू नका, लेन्स घ्या. कॅनन, निकॉन, सोनी या सगळ्यांकडे एफ १.८ ची ५० मिमी लेन्स आहे आणि ती साधारण त्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते. झूमच्या एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ जवळपास साडेनऊ पट उजेड आत घेतो. जिथं आयएसओ १२,८०० लागलं असतं तिथं १६०० पेक्षाही कमीत भागतं. इतका फरक नव्या बॉडीनं पडत नाही.

माझं मत विचाराल तर लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी ५० पेक्षा ३५ मिमी बरी. आपल्याकडच्या जागा अरुंद असतात. तालमीची खोली, चप्पल शिवणाऱ्या कारागिराचं घर, पेठेतला बोळ, यांत ५० मिमी लावलं की पाठ भिंतीला लागते तरी माणूस पूर्ण मावत नाही. वापरलेली लेन्स घेणार असाल तर ती मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून आरपार बघा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, घेऊ नका.

आणि काहीच घेता येत नसेल तरी थांबू नका. याच गावात बाबूराव पेंटर यांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट न बघता १९१८ च्या सुमारास मूकपटांसाठी स्वदेशी कॅमेरा घडवला होता. आपल्या हातात आज जी यंत्रं आहेत ती त्या मानानं फार समर्थ आहेत.

रंग आणि पट्टे

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका लहान तितका तो पिवळा-तांबडा: पणतीचा प्रकाश साधारण १९०० केल्विन, जुन्या पिवळ्या बल्बचा २७०० ते ३००० च्या दरम्यान, पांढऱ्या एलईडीचा ६००० च्या आसपास. ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सोय) यातला उबदारपणा धुऊन टाकायला बघतो. दिव्याचा, जाळाचा फोटो काढताना व्हाइट बॅलन्स हातानं ३००० ते ३५०० वर ठेवा, म्हणजे पिवळेपणा उरतो पण चेहरा हळदीसारखा होत नाही. रॉ मध्ये हे नंतरही बदलता येतं. जुने सोडियमचे पिवळे दिवे ही वेगळी अडचण आहे: त्यांच्या प्रकाशात जवळजवळ एकच रंग असतो, त्यामुळे कितीही सुधारलं तरी लाल-हिरवं परत येत नाही. तिथं सरळ कृष्णधवल करा.

फोटोत आडवे काळे पट्टे आले तर घाबरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे जातात. याहून वेगवान शटर लागणारच असेल तर कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर पर्याय चालू करा आणि बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरा.

पहिला सराव: दुधाचा कट्टा

सुरुवात गंगावेशीतून करा. म्हैस उभी असते, गवळी एका जागी बसलेला असतो, गिऱ्हाईक पेला हातात घेऊन उभं असतं. विषय फार हलत नाही आणि वर एखादा दिवा असतो. एफ १.८, १/१२५ आणि आयएसओ ३२०० च्या आसपास काम होतं. धारेवर लक्ष द्या. १/२५० ला ती थेंबाथेंबांत तुटलेली दिसते, १/६० ला अखंड पांढरी रेघ येते. मला रेघ जास्त आवडते, कारण धार काढण्याचा वेग तिच्यात दिसतो.

अडचण फेसाची. दिव्याखाली पेल्यातला फेस पहिल्यांदा जळतो आणि नुसता पांढरा डाग होतो. फेसावर लुकलुकणारी सूचना दिसली की एक्स्पोजर ०.७ ते १ नं खाली आणा. फ्लॅश अजिबात मारू नका. म्हैस बुजली तर दूध चढवते, आणि गवळ्याचं नुकसान होतं. आधी एक पेला दूध प्या, दोन शब्द बोला, विचारा, मग कॅमेरा काढा.

गुऱ्हाळ

कमी उजेड शिकायला गुऱ्हाळासारखी दुसरी शाळा नाही. दिवाळीच्या आगंमागं हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत अजून गुऱ्हाळं टिकून आहेत, पूर्वीपेक्षा कितीतरी कमी. म्हणूनच ती नीट टिपली गेली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

मालकाची परवानगी आदल्या दिवशी घ्या आणि पहाटे अंधारातच पोहोचा. आत गेल्या गेल्या कॅमेरा काढू नका. बाहेर थंडी असते, आत वाफ. थंड काचेवर वाफ लगेच धरते. बॅगेची चेन बंद ठेवून वीसएक मिनिटं बॅग आत राहू द्या, तोवर आदणाचं (उकळायला लावलेल्या रसाच्या एका खेपेचं) काय चाललंय ते बघा: रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, कधी आला, मळी (रसावरचा गाळ) निघायची आहे की निघून गेली, गुळव्या (गूळ करणारा कारागीर) कुठं उभा राहतो. एक आदण व्हायला अडीच-तीन तास लागतात, त्यामुळे घाई नसते. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र सगळं एकदम घडतं.

इथं प्रकाश तीन प्रकारचा असतो. चुलवाणाच्या तोंडातून येणारा जाळाचा, वर टांगलेल्या दिव्याचा, आणि उजाडायला लागलं की दारातून येणारा निळसर. तिन्ही एकत्र पकडायला जाऊ नका. एका वेळी एक निवडा.

जाळाचा प्रकाश निवडलात तर चुलवाणात चिपाडं (रस काढून उरलेला वाळका ऊस) सारणाऱ्या माणसाच्या बाजूला, जाळाशी काटकोन करून बसा. समोरून बसलात तर जाळ डोळ्यांत येतो, पाठीमागून बसलात तर चेहरा दिसत नाही. बाजूनं जाळ चेहऱ्याच्या एका अंगावर पडतो आणि दुसरं अंग काळोखात जातं. एफ २, १/१२५, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा. मीटर स्पॉटवर (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणाऱ्या पर्यायावर) ठेवून उजळलेल्या गालावर मोजा. चुलवाणाचं तोंड जळून पांढरं होईल, होऊ द्या. ज्वाळेचा तपशील वाचवायला गेलात तर माणूस अंधारात जाईल, आणि फोटो माणसाचा आहे. चिपाडं आत पडली की क्षणभर भडका उडतो आणि उजेड दुपटीनं वाढतो. शटर त्या क्षणासाठी राखून ठेवा. ऑटो आयएसओ इथं दर सेकंदाला डळमळतो, म्हणून या एका ठिकाणी आयएसओसुद्धा हातानं पक्का करा.

वाफ हवी असेल तर वेळ बदला. वाफ समोरून उजेड पडला की दिसत नाही, मागून पडला की उजळते. दारातून किंवा कौलांच्या फटीतून पहिला उजेड आत आला की काहिलीच्या पलीकडच्या बाजूला जा आणि उजेडाकडे तोंड करून उभे राहा. माणसं काळ्या आकृत्या होतील, वाफेला कडा येतील. इथं व्हाइट बॅलन्स ४५०० च्या आसपास ठेवला तर दारातला निळा आणि जाळाचा तांबडा दोन्ही उरतात.

मग तो शेवटचा भाग. गुळव्या पाक बघून इशारा देतो आणि काहील वाफ्याकडे (पाक थंड करायच्या उथळ हौदाकडे) नेऊन ओततात. ही चार-पाच माणसांची एकत्र ताकद आहे, सगळे अंग टाकून ओढतात. १/२५० च्या खाली जाऊ नका, आयएसओ ६४०० ला गेला तरी चालेल, अ‍ॅपर्चर २.८ ठेवा म्हणजे दोन-तीन माणसं तरी फोकसमध्ये राहतील. फोकस आधीच वाफ्याच्या काठावर लावून ठेवा आणि मॅन्युअल करा. वाफेत ऑटोफोकस चुकतोच. आणि तुमची जागा आधी गुळव्याला विचारून पक्की करा. उकळता पाक अंगावर पडला तर भयंकर भाजतं. फोटोसाठी एक पाऊलही पुढं सरकू नका, त्यांच्या वाटेत तर मुळीच येऊ नका.

बाहेर आल्यावर कॅमेरा आणि लेन्स किंचित ओलसर कापडानं पुसून घ्या. वाफेतून गोडसर चिकटा बसतो, तो वाळला की रिंगा जड फिरतात. लेन्स तिथंच बदलू नका.

तालीम

वस्तादांच्या परवानगीशिवाय आत जाऊ नका, आणि आखाड्याच्या मातीवर चपला-बुटांनी पाय ठेवू नका. ट्यूबलाइट वर असते, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते. खाली बसून, मातीच्या पातळीवरून फोटो काढा: पैलवान पकड घेताना मान वर करतात तेव्हा उजेड चेहऱ्यावर येतो. लाल माती थोडा उजेड खालून परत देते, तोही कामाला येतो. एफ १.८ ला १/४०० आणि आयएसओ ४००० च्या आसपास जमतं. ट्यूबचे पट्टे आले तर झटापटीचा मोह सोडून १/१०० वर या आणि विश्रांतीचे क्षण टिपा: अंगाला माती चोळणं, कान दाबून बसलेला पोरगा, वस्तादांची नजर. राजर्षी शाहूंच्या काळातल्या १९१२ च्या खासबाग मैदानात दिवसा कुस्त्या बघताना लांब लेन्स लागते, पण तालमीत ३५ मिमी पुरेशी.

रंकाळा: ट्रायपॉडवरचं काम

इथं सगळा क्रम उलटतो. विषय हलत नाही, म्हणून आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ८, आणि शटर लागेल तितकं.

वेळ महत्त्वाची. सूर्य बुडाल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं आणि त्याच वेळी दिव्यांचा उजेड आकाशाच्या उजेडाशी बरोबरीला येतो. ही बरोबरी दहा-पंधरा मिनिटं टिकते. नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जून-जुलैत सात वाजून गेल्यावर. त्यानुसार अर्धा तास आधी संध्यामठ किंवा शालिनी पॅलेस समोर येईल अशी जागा धरून बसा. वारा पडलेला असेल तर पाण्यात प्रतिबिंब सरळ उतरतं. वारा असेल तर पंधरा-वीस सेकंदांचं एक्स्पोजर द्या, लाटा सपाट होतात.

ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, ती हलते. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्का जातो. लेन्सचं स्थिरीकरण बंद करा. जुन्या लेन्समध्ये ते ट्रायपॉडवर उलट थरथर निर्माण करतं. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, चित्र दहापट मोठं करून एखाद्या लांबच्या दिव्यावर हातानं लावा. दिव्यांना तारे फुटलेले हवे असतील तर एफ ११ ते १६ ठेवा. लेन्सच्या पात्यांची संख्या विषम असेल तर किरण दुप्पट येतात, सम असेल तर तितकेच.

त्रिपुरारीची पहाट

गर्दीत ट्रायपॉड उभा करता येत नाही आणि करूही नये. लोक पणत्या लावत वाकून फिरत असतात. पायऱ्यांवर खाली बसा. पणती चेहऱ्याच्या खाली असते, म्हणून माणूस वाकला की उजेड चेहऱ्यावर पोहोचतो, उभा राहिला की नाहीसा होतो. वाकलेला क्षणच फोटोचा. एफ १.८, १/६०, आयएसओ ६४००. पणत्यांची रांग समोर धूसर ठेवून मागच्या चेहऱ्यावर फोकस केलात तर ज्योतींचे गोल ठिपके होतात. पुरेसे फोटो काढून झाल्यावर थांबा. तांबडं फुटतं तेव्हा नदीपात्रातल्या दगडी देवळांच्या कडा दिसू लागतात आणि पणत्याही अजून तेवत असतात. रंकाळ्यावरची तीच बरोबरी इथं पहाटे मिळते, आणि तोवर निम्मे कॅमेरेवाले घरी गेलेले असतात.

मिरवणुकीबद्दल एकच इशारा. विसर्जनात लेझरचे झोत असतील तर कॅमेरा त्यांच्याकडे करू नका. लेझर सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमचे ठिपके किंवा रेघा उमटतात, आणि डोळ्यांनाही तो घातक आहे. जोतिबाच्या यात्रेत गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधून फक्त लेन्सचं तोंड उघडं ठेवा. अंबाबाईच्या गाभाऱ्यात कॅमेरा नेऊ नका. महाद्वाराच्या बाहेर, फुलांच्या आणि ओटीच्या दुकानांत दिव्यांचा उजेड इतका सुंदर असतो की तिथंच संध्याकाळ पुरत नाही.

मोबाईलवर

आधी लेन्स पुसा, बोटाचा तेलकट डाग दिव्यांभोवती धुरकट वलय करतो. मुख्य १ एक्स लेन्सच वापरा, तिचाच सेन्सर सगळ्यात मोठा असतो. अंधारात झूमचं बटण दाबलं तरी बरेच फोन मुख्य लेन्सचाच फोटो कापून देतात. नाइट मोड अनेक फोटो एकत्र करून दाणे कमी करतो: चार फोटोंच्या सरासरीत दाणे निम्मे, सोळांच्या सरासरीत पाव. म्हणून तो रंकाळ्यासाठी उत्तम आहे आणि धार काढणाऱ्या हातासाठी निकामी. माणसं हलत असतील तर तो बंद करा, प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/१०० आणि आयएसओ १६०० लावा. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस बांधा आणि सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा.

घरी आल्यावर

दाणे काढण्याचा हात सैल ठेवा. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही फुकट सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. लाइटरूममधला नवा डिनॉइज फारच चांगला आहे, पण तोही पूर्ण ओढला तर कातडी मेणाची दिसते. रंगाचे दाणे पूर्ण घालवा, उजेडाचे दाणे थोडे राहू द्या. सावल्या सगळ्या उघडू नका, गुऱ्हाळाचा कोपरा काळाच असतो. एखादा फोटो ८ बाय १२ इंचात छापून बघा, आयएसओ ६४०० बद्दलची उरलीसुरली भीती जाईल. आणि ज्यांचे फोटो काढलेत त्यांना त्यांची प्रत नेऊन द्या. पुढच्या वेळी गुऱ्हाळाचं दार त्यामुळेच उघडतं.

पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत बंद करून कपाटात ठेवू नका. इथल्या दमट हवेत दोन महिन्यांत लेन्सवर बुरशी धरू शकते. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, एवढं पुरतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की तवा मंद आचेवर ठेवून ती परतून घ्या आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात टाका. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून खिडकीजवळ थोडा वेळ वापरा, कारण बुरशीला उजेड सोसत नाही.